सूक्ष्मतरंगांची उष्णता आणि विकरांचे कार्य

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एखादी विक्रिया घडवून आणावयाची म्हणजे बहुधा पदार्थास उष्णता द्यावयाची. पूर्वी कोळशाची भट्टी होती, पुढे बन्सेनचा वायुदीप आला, त्यानंतर तापविलेल्या तेलाचे पात्र व विजेची शेगडी आली. साधने बदलली, परंतु उष्णतेचा मार्ग तोच राहिला. प्रथम भांडे तापावयाचे, भांड्याने आपल्या भिंतीलगतचा द्रव तापवावयाचा, आणि तेथून ती उष्णता हळूहळू आत पोहोचावयाची. सूक्ष्मतरंग, म्हणजेच मायक्रोवेव्ह, हा मार्ग सोडून थेट द्रवाच्या अंतर्भागात ऊर्जा पोहोचवितात. गेल्या काही दशकांत या तापनपद्धतीचा विकरांशी, म्हणजे सजीवांच्या पेशींत निर्माण होणाऱ्या एन्झाइम या उत्प्रेरकांशी, संयोग करण्याचे अनेक प्रयत्न झाले आहेत. या संयोगाने विक्रियेचा वेग वाढतो असे कित्येक शोधनिबंधांत नमूद केलेले आढळते. ही वाढ खरोखर तरंगांच्या काही विशेष गुणामुळे होते, की तापमान मोजण्यातील उणिवेमुळे तशी भासते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम तरंगांविषयी. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्ता येथे काही मिलिमीटर लांबीच्या विद्युतचुंबकीय तरंगांवर केलेले प्रयोग सर्वश्रुत आहेत. त्यांचा रोख या तरंगांचे परावर्तन, वक्रीभवन इत्यादी गुणांकडे होता. अन्न तापविण्याकडे त्यांचा उपयोग होण्यास दुसऱ्या महायुद्धातील रडारचे तंत्र विकसित व्हावे लागले. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीतील पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये त्यासंबंधी एकस्वासाठी अर्ज केला. आज घरगुती भट्टीत आणि प्रयोगशाळेतील उपकरणांत प्रायः २४५० मेगाहर्ट्‌झ कंप्रतेचे तरंग वापरतात. त्यांची लांबी सुमारे १२.२ सेंटिमीटर असते आणि त्यांतील विद्युतक्षेत्र दर सेकंदास २४५ कोटी आवर्तने पुरी करते.

पाण्याच्या रेणूचे एक टोक किंचित धन व दुसरे किंचित ऋण असते. असा ध्रुवीय रेणू बदलत्या क्षेत्राबरोबर वळू पाहतो. परंतु शेजारच्या रेणूंच्या दाटीमुळे त्यास क्षेत्राच्या बरोबरीने वळता येत नाही, तो मागे पडतो, आणि या ओढाताणीत क्षेत्राची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. द्रवात क्षार विरघळलेले असतील तर त्यांच्या आयनांच्या हालचालीनेही उष्णता उत्पन्न होते. यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक म्हणजे, पाणी वा एथिल अल्कोहोल झपाट्याने तापते, तर हेक्झेनसारखा अध्रुवीय द्रावक जवळजवळ थंडच राहतो. दुसरी म्हणजे, रेणूस वळण्याची मोकळीक असावी लागते. बर्फातील रेणू जागच्या जागी जखडलेले असल्याने बर्फ या तरंगांनी फारसा तापत नाही. गोठलेला पदार्थ घरगुती भट्टीत कोठे कढत तर कोठे थंडगार निघतो, त्याचे हे एक कारण होय.

सेंद्रिय रसायनशास्त्रात या तापनपद्धतीचा प्रवेश १९८६ साली झाला. त्या वर्षी कॅनडातील गेडी व त्यांचे सहकारी आणि अमेरिकेतील गिगेर व त्यांचे सहकारी अशा दोन गटांनी घरगुती भट्टी वापरून केलेल्या विक्रियांची माहिती स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. एरव्ही तासन्‌तास चालणाऱ्या विक्रिया काही मिनिटांत पुऱ्या झाल्याचे पाहून अनेकांस आश्चर्य वाटले. परंतु बंद पात्रात द्रावक आपल्या उत्कलनबिंदूच्या पुष्कळ वर तापतो, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. तापमान दर १० अंशांनी वाढले असता वेग सुमारे दुप्पट होतो, हा स्थूल नियम लावून पाहू. ८० अंशांस ८ तास घेणारी विक्रिया १६० अंशांस नेली, तर वेग आठ वेळा दुप्पट, म्हणजे २५६ पट होईल आणि ती दोन मिनिटांच्या आत आटोपेल. यात गूढ असे काही नाही. हे केवळ तापमानाचे कार्य होय.

विकरांच्या बाबतीत मात्र हा हिशेब चालत नाही. दह्यासाठी विरजण कोमट दुधास लावावयाचे, कढत दुधास नव्हे, हे प्रत्येक गृहिणी जाणते. कढत दुधात विरजणातील जीवाणू मरतात. आणि त्यांच्यातील विकरे, म्हणजे विशिष्ट घडीत गुंडाळलेली प्रथिने, ती घडी उलगडताच निकामी होतात. मग ज्या साधनाची ख्याती झपाट्याने तापविण्याबद्दल आहे, ते साधन उष्णतेस भिणाऱ्या उत्प्रेरकाबरोबर कशासाठी वापरावयाचे, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे.

या शंकेचे अंशतः उत्तर १९८४ साली मिळाले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्‌स तंत्रविद्या संस्थेत झाक्स व क्लिबानोव्ह यांनी दाखवून दिले की, डुकराच्या स्वादुपिंडातील लायपेज हे विकर जवळजवळ निर्जल सेंद्रिय माध्यमात १०० अंश तापमानासही कित्येक तास कार्यक्षम राहते. प्रथिनाची घडी उलगडण्यास पाण्याचे साहाय्य लागते. पाणी नाहीसे केले की प्रथिन ताठर व टिकाऊ होते. पुढे ‘कँडिडा अंटार्क्टिका’ या किण्वापासून मिळणारे लायपेज-बी हे विकर राळेच्या कणांवर स्थिरावून विक्रीस येऊ लागले. अशा कोरड्या, स्थिरावलेल्या विकरास ६०–७० अंशांचे तापमान सहज मानवते. साहजिकच सूक्ष्मतरंगांचे बहुतेक प्रयोग याच विकरावर झाले. मुंबई विद्यापीठाच्या रसायन-तंत्रविद्या विभागातून पुढे स्वायत्त झालेल्या संस्थेत ग. दा. यादव व लाठी यांनी मिथिल अॅसिटोअॅसिटेटच्या एस्टर-विनिमयावर केलेले संशोधन २००४ साली प्रसिद्ध झाले. त्यात नेहमीच्या तापनापेक्षा सूक्ष्मतरंगांखाली वेग अधिक आढळला आणि तरंग व विकर परस्परांस पूरक ठरतात, असे प्रतिपादन करण्यात आले.

२००८ सालचे एक अमेरिकी संशोधन याहूनही लक्षवेधक आहे. ‘पायरोकॉकस फ्युरिओसस’ हा जीवाणुसदृश सूक्ष्मजीव १०० अंशांच्या आसपास उत्तम वाढतो आणि त्याची विकरे सामान्य तापमानास जवळजवळ सुप्त असतात. यंग, डायटर्स प्रभृतींनी त्याच्या एका विकरासह अशा उष्णताप्रिय विकरांवर, मिश्रण सतत थंड ठेवून, सूक्ष्मतरंग सोडले. आणि ४० अंशांखालीही ती कार्य करू लागल्याचे नमूद केले. प्रथिनाच्या ध्रुवीय भागांस तरंगांनी हालचाल मिळते, असे याचे एक स्पष्टीकरण सुचविण्यात येते.

हे सर्व मोहक आहे. परंतु येथेच सावध व्हावयास हवे. सूक्ष्मतरंगाच्या ऊर्जाकणांची ऊर्जा एका मोलमागे केवळ एक जूलच्या आसपास भरते. सामान्य तापमानास रेणूंच्या स्वाभाविक हालचालीची ऊर्जा मोलमागे सुमारे २५०० जूल, आणि हायड्रोजन-बंधाची ऊर्जा सुमारे २०,००० जूल असते. म्हणजे हे तरंग कोणताही बंध स्वतः तोडू शकत नाहीत. ते उष्णताच देऊ शकतात. तेव्हा ‘तापमान तेच असता वेग वाढला’ या विधानातील ‘तापमान तेच’ हे शब्द कितपत खरे आहेत, हा प्रश्न निर्णायक ठरतो.

साधा पाऱ्याचा वा धातूच्या तारांचा तापमापक या क्षेत्रात विश्वासार्ह नसतो. म्हणून अनेक उपकरणे पात्राच्या बाह्य पृष्ठाचे तापमान अवरक्त किरणांवरून मोजतात. नेहमीच्या तापनात भिंत आतील द्रवापेक्षा अधिक तापलेली असते. सूक्ष्मतरंगांत ती बहुधा कमी तापलेली असते. त्यातही बाहेरून थंड हवेचा झोत सोडला, तर मोजले जाते ते थंड काचेचे तापमान, आतील द्रवाचे नव्हे. आता, सक्रियण-ऊर्जा मोलमागे ५० किलोजूल असलेली विक्रिया घ्या. आपण ६० अंश समजत असताना आत प्रत्यक्षात ७० अंश असतील, तर वेग सुमारे १.७ पट होईल. म्हणजे दीडदोन पटींच्या ज्या वाढीस आपण तरंगांचा विशेष परिणाम म्हणू, ती दहा अंशांच्या चुकीतूनही निघू शकते.

ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठात काप्पे व सहकाऱ्यांनी यावर २००९ साली एक सुंदर युक्ती योजिली. त्यांनी काचेच्या जागी सिलिकॉन कार्बाइडची कुपी घेतली. हा पदार्थ तरंग स्वतःच शोषून तापतो आणि आतील द्रवापर्यंत ते जवळजवळ पोहोचू देत नाही. एकाच भट्टीत, एकाच तापमानास, एका कुपीत तरंग पोहोचतात व दुसरीत नाहीत. अशा तुलनेत त्यांनी तपासलेल्या सेंद्रिय विक्रियांचे फलित जवळजवळ सारखेच निघाले. विकरांबाबतचा वाद यामुळे पुरता मिटला असे नाही. परंतु पुराव्याचा भार कोणावर, हे मात्र निश्चित झाले.

या विषयात काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने म्हणून काही पथ्ये पाळावीत. प्रकाशतंतूचा तापमापक मिश्रणाच्या आत ठेवावा. तुलनेचा प्रयोग त्याच आकाराच्या पात्रात, तितकेच ढवळून आणि तापमानवाढीचा तोच क्रम राखून करावा. कारण विकर कणांवर असताना ढवळण्यातील फरकानेही वेग बदलतो. विकराविना एक प्रयोग अवश्य करावा. आणि विक्रिया संपल्यावर विकर गाळून, धुऊन, त्याची उरलेली क्षमता साध्या परिस्थितीत तपासावी. पहिल्या खेपेस वेगाने धावणारे विकर पाचव्या खेपेस मृतवत झाले असेल, तर तो लाभ नव्हे, हानीच होय.

ही काटेकोर वृत्ती केवळ शास्त्रीय सोवळेपणा नव्हे. सूक्ष्मतरंग पाण्यात एकदोन सेंटिमीटरच खोल जातात. त्यामुळे लहान कुपीतील यश मोठ्या पात्रात आपोआप उतरत नाही आणि उपकरणाचा खर्चही मोठा असतो. वेगवाढ जर दहा अधिक अंशांचीच असेल, तर तेवढे तापमान कारखान्यातील साध्या वाफेनेही मिळेल. उलट ती खरोखर तरंगांचीच असेल, तर विकरांच्या गतिशीलतेविषयीचे आपले ज्ञान पुन्हा तपासावे लागेल. दोन्ही निष्कर्ष मोलाचे आहेत; मात्र त्यांपैकी कोणता खरा, हे ठरविण्याचा अधिकार योग्य जागी ठेवलेल्या तापमापकास आहे.