डब्यातली कोरफड कुजली तर

वऱ्हाडात कोरफड पुष्कळ घरी असते. अमरावतीला जा, अकोल्याला जा. ओट्याच्या कडेला तेलाचा जुना डबा आणि त्यात कोरफड. चटका बसला की तिचा गर लावायचा, केसांना चोळायचा. तिला राखायला काही कष्ट पडत नाहीत, असे सारे म्हणतात. मग तीच कोरफड पावसाळ्यात एकाएकी का मरते?

आधी पाने मऊ पडतात, पिवळी होतात, मग लोळतात. आपल्याला वाटते, बिचारी तहानली आहे. आपण आणखी तांब्याभर पाणी घालतो. इथेच घात होतो, बरं का. ती तहानलेलीच असते, पण पाणी कमी पडले म्हणून नव्हे. पाणी पिणारे तोंडच सडलेले असते.

असे का होते, ते आम्ही सांगतो. मुळांना पाणी लागते, तशी हवाही लागते. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात. त्यांत हवा राहते. पाणी तुंबले की त्या पाण्याने भरतात आणि मुळे गुदमरतात. गुदमरलेल्या मुळांवर बुरशी चढते. कोरफड मूळची अरबस्तानच्या कोरड्या मुलखातली. पानांत पाणी साठवून ती दिवस काढते. आणि आपण तिला लावतो कशात? पूर्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीत! ही माती कपाशीला, तुरीला चांगली. ओल धरून ठेवणे हा तिचा गुणच आहे. डब्यात तोच गुण वैरी होतो. त्यातून डबा पागोळ्यांखाली, आणि त्याच्या बुडाला भोक नाही.

वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागाईतदारांना हे दुखणे ठाऊक आहे. जमिनीत पाणी साचले की संत्र्याची मुळे कुजतात, खोडातून डिंक गळतो. त्याला डिंक्या म्हणतात. बुंध्याला पाणी लागू नये म्हणून झाडाभोवती दुहेरी आळे करतात. तिथे साऱ्या घराचे पोट बागेवर असते. आपली कोरफड एका डब्याची. पण वाचत असेल तर फेकायची कशाला?

डबा आडवा करा. थोपटून कोरफड मातीसकट बाहेर काढा, उपटू नका. मुळे धुऊन नीट पाहा. चांगले मूळ पांढरट-पिवळसर आणि टणक असते. कुजलेले मूळ काळपट, लिबलिबीत असते. त्याला घाण वास येतो, ओढले तर साल हातात येते. चाकूचे पाते जाळावर धरा. गार झाले की कुजलेला सारा भाग कापा. इथे दया नको. सड बुंध्यात शिरली असेल तर बुंधाही कापावा. आतला तपकिरी डाग दिसेनासा होईपर्यंत कापत जावे.

आता घाई करू नका. कोरफड सावलीत, वाऱ्याला उघडी ठेवा. कापलेल्या जागी खपली धरली पाहिजे. त्याला 2-4 दिवस लागतात. बुंधा कापला असेल तर आठवडासुद्धा. तेवढ्यात ती मरत नाही. पानांत पाणी आहे ना!

तोवर डबा घासून उन्हात वाळवावा. बुडाला खिळ्याने 5-6 भोके पाडावी. जुनी माती दूर टाका, दुसऱ्या कुंडीत घालू नका. नवी माती 1 घमेले, नदीची जाड रेती 1 घमेले, विटेचे बारीक तुकडे 1 घमेले, असे मिसळावे. त्यात कोरफड लावून डबा दोन विटांवर ठेवा. आठवडाभर पाण्याचा थेंब नको, दुपारचे ऊनही नको. पुढे मातीत बोट दोन पेरे घालून पाहावे. कोरडे लागले तरच पाणी. पावसाळ्यात डबा ओसरीत घ्यावा.

बुंधा पार सडला असेल तर बाजूची पिल्ले शोधा. एखादे टणक निघाले, की तेच वाळवून लावा. नुसते पान मात्र लावू नका. पानफुटीचे पान रुजते म्हणून कोरफडीचेही रुजेल, असे पुष्कळांना वाटते. ते मातीत सडून जाते.