सुकाणू जड का लागते?

शिडाच्या लहान होडीचे सुकाणू मागच्या फळीवर दाराच्या बिजागरीसारखे टांगलेले असते. लेझर प्रकारच्या होडीत ते निसटू नये म्हणून स्प्रिंगची पट्टी असते. ती नीट बसली नाही, तर होडी उलटताच सुकाणू सुटते. म्हणून आधी ते वर ओढून पाहावेच.

सुकाणूचे पाते दोरीने ताणून पूर्ण खाली ठेवायचे. ते जरा जरी मागे उचलले गेले, तरी पाण्याचा दाब बिजागरीपासून दूर सरकतो आणि सुकाणूचा दांडा हाताला जड लागतो. नवशिके दोष वाऱ्याला देतात! आधी पाते तपासा, मग शीड ढिले करा.

नौदल अधिकारी दिलीप दोंदे २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. दाबाचे हे गणित तिलाही लागू होते.