पहिला घास कडू

यांची बदली कोलकात्याला झाल्याचं कळलं, तेव्हा आर्वीच्या घरात पहिला प्रश्न विचारला तो सासूबाईंनी. ‘‘तिथं खाशील काय गं पोरी?’’ प्रश्न रास्तच होता. आमचं घर पक्कं शाकाहारी. बंगाल म्हटलं की डोळ्यांपुढे मासे आणि रसगुल्ले, मध्ये काहीच नाही! मी चार किलो तूरडाळ, सांडगे, मुगवड्या, तिखटाचा डबा असं सगळं बांधून घेतलं. नागपूरहून हावडा मेलमध्ये बसलो, तेव्हा आमच्या सामानात कपड्यांपेक्षा किराणाच जास्त होता.

ही गोष्ट जून २०१६ ची. गडियाहाटजवळ एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं. उन्हाळा आमच्या विदर्भालाही नवा नाही. पण आमचं ऊन कोरडं. इथं दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळायचे नाहीत आणि पापड डब्यातल्या डब्यात मऊ पडायचे. त्यात सकाळी दहाच्या सुमारास जिन्यातून मोहरीच्या तेलाचा वास वर यायचा. असा झणका की डोळ्यांत पाणी! पहिले आठ दिवस मी खिडक्या लावून स्वयंपाक केला. खरं सांगू? डोळ्यांतलं सगळंच पाणी तेलामुळे नव्हतं.

तळमजल्यावर एक मासीमा राहायच्या. मासीमा म्हणजे मावशी. सत्तरीच्या, पांढरी साडी, बारीक काठ, हातात एकच कडं. मुलगा, सून दोघं नोकरीला, दोन वर्षांचा नातू दिवसभर मासीमांकडे. पहिल्यांदा वर आल्या, माझ्याकडे बघून हसून म्हणाल्या, ‘‘तोमार चूल खूब शुंदोर!’’ मी गोंधळून गॅसच्या शेगडीकडे पाहिलं. ती तर पुसायचीच राहिली होती! त्यांनी माझी वेणी हातात धरली तेव्हा उलगडा झाला. बंगालीत चूल म्हणजे केस! आम्ही दोघी इतक्या हसलो की परकेपणा निम्मा तिथंच संपला. मग कळलं, इथं चहासुद्धा ‘खातात’. ‘‘चा खाबे?’’ विचारलं की मी आधी बशी बघायची.

दुसऱ्या दिवशी मासीमा मला गडियाहाट बाजारात घेऊन गेल्या. माशांच्या बाजूनं नाक मुठीत धरून जात होते आणि मध्येच थबकले. कोळी उकिडवा बसलेला, पायाखाली पाट दाबलेला आणि समोर उभं, वाकडं पातं. अहो, ही तर आपली विळी! फक्त आकारानं दांडगी. तिला इथं ‘बोंटी’ म्हणतात. दोन हातांत मासा धरून तो पात्यावर असा सरकवत होता, जशी आई भोपळा चिरायची. मासीमांच्या स्वयंपाकघरातही लहान बोंटी होती. हजारभर किलोमीटरवरच्या दोन बायका एकाच पद्धतीनं भाजी चिरतात, याचं मला फार अप्रूप वाटलं.

भाजीबाजार पाहून तर सासूबाईंचा प्रश्न मी विसरूनच गेले. केळफूल, केळीच्या खांबाचा आतला गाभा, लाल माठ, परवल, कच्ची फणसं, कोवळा शेवगा... आपण ज्याला केरात टाकतो, ते इथं मोलानं विकत घेतात. मासीमांनी किराणा दुकानातून पहिली पुडी घेऊन दिली ती पाँचफोरनची. मेथी, जिरं, बडीशेप, कलौंजी असे चार आणि पाचवी रांधुनी. (हल्ली बरेच जण रांधुनीऐवजी मोहरी घालतात.) रांधुनी हा ओव्याच्या जातीतला बारीक दाणा. बंगालीत रांधुनी म्हणजे स्वयंपाक करणारी. आपणही ‘रांधायचं’ म्हणतोच की! हे मिश्रण कुटायचं नाही, अख्खंच फोडणीत टाकायचं.

त्या रविवारी मासीमांनी जेवायला बोलावलं. आपलं ताट म्हणजे सगळी मंडळी एकदमच पंक्तीला: डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, उजवीकडे भाजी, मध्ये भात. तिथं तसं नाही. एकेक पदार्थ येतो, भाताबरोबर खायचा, मग पुढचा. आणि पहिला कोणता? कडू! ‘शुक्तो’. कारलं, कच्चं केळं, वांगं, शेवगा, डाळीच्या वड्या, वरून रांधुनीचा वास आणि शेवटी थोडं दूध. कडू आधी खाल्लं की जिभेला पुढची चव नीट कळते, असं त्या म्हणाल्या. मग डाळ आणि तळण, मग भाज्या, मग टोमॅटो-खजुराची गोड चटणी पापडाबरोबर आणि शेवटी मिष्टी दोई. मी संकोचानं विचारलं, ‘‘माझ्यासाठी मुद्दाम सगळं बिनमाशाचं केलंत?’’ त्या हसून म्हणाल्या, ‘‘माझं रोजचंच हे.’’

तेव्हा मला या उत्तराचा अर्थ कळला नाही. मी आपली खूश. बंगालात शाकाहारी मैत्रीण मिळाली म्हणून!

त्यांच्याकडून काय काय शिकले! आलू-पोश्तो तर आमच्या घरात कायमचा आला. तुम्हीही करून बघा, फार सोपा आहे. तीन मोठे चमचे खसखस कोमट पाण्यात तासभर भिजवून दोन हिरव्या मिरच्यांबरोबर अगदी बारीक वाटायची. मोहरीचं तेल धूर येईपर्यंत तापवून जरा निवू द्यायचं म्हणजे उग्रपणा जातो. त्यात कलौंजीची फोडणी, बटाट्याच्या फोडी, मीठ, पाण्याचा हबका. बटाटे शिजत आले की वाटण घालून कोरडं होईपर्यंत परतायचं, वरून कच्च्या तेलाचा एक चमचा. हळद नाही, कांदा नाही, लसूण नाही.

आणि एकदा त्यांनी ‘धोकार डालना’ केला. हरभऱ्याची डाळ भिजवून वाटायची, कढईत घट्ट होईपर्यंत परतायची, ताटात थापून शंकरपाळ्यासारख्या वड्या कापायच्या, तळायच्या आणि आलं-जिऱ्याच्या रश्श्यात सोडायच्या. मी ओरडलेच, ‘‘ही आमची पाटोडी!’’ दुसऱ्या दिवशी मी वऱ्हाडी पाटोडी रस्सा करून खाली नेला. मासीमांनी वास घेतला आणि वाटी हळूच बाजूला सारली. ‘‘कांदा-लसूण आहे ना गं यात? मला चालत नाही.’’

नातवाला झोपवताना त्या एक अंगाई म्हणायच्या. मला त्यातला ‘बर्गी’ एवढाच शब्द सारखा ऐकू यायचा. अर्थ विचारला तर त्या चपापल्या. मग म्हणाल्या, ‘‘तू नागपूरकडची ना? मग तूच की बर्गी!’’ बर्गी म्हणजे आपले बारगीर. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर स्वाऱ्या करत होत्या. गावं लुटली गेली, जाळली गेली. १७५१ मध्ये नवाब अलिवर्दी खानानं वर्षाला बारा लाखांची चौथाई कबूल केली तेव्हा ते थांबलं. मराठ्यांच्या भीतीनं १७४२ मध्ये कोलकात्याभोवती खंदक खणायला घेतला होता. तो पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रोड झाला. आपण शाळेत या स्वाऱ्या पराक्रम म्हणून शिकलो. इथल्या आया मात्र पोराला निजवताना अजून आपल्या नावानं भीती घालतात, जसा आपल्याकडे बागुलबुवा! त्या दिवशी मी जिना चढताना गप्पच होते. पण मासीमांनी संध्याकाळी कॉलेज स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांविषयी बोलताना दुसरं एक मराठी नाव सांगितलं: सखाराम गणेश देऊस्कर. या मराठी माणसानं बंगालीत ‘देशेर कथा’ हे पुस्तक १९०४ मध्ये लिहिलं, ते खूप गाजलं आणि इंग्रजांनी त्यावर बंदी घातली. ‘‘एक बर्गी लुटायला आला, एक लिहायला,’’ मासीमा म्हणाल्या, ‘‘आणि एक शुक्तो शिकायला.’’

पुजो आली तसं सगळं शहर रस्त्यावर आलं. (या दुर्गापूजेला २०२१ मध्ये युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला.) रात्री दोन वाजता बायका-पोरी नटून-थटून मंडप बघत फिरतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही, हे आमच्या गावात सांगितलं तर खोटं वाटेल. अष्टमीला भोगाची खिचडी खाल्ली. भाजलेल्या मूगडाळीची, गोविंदभोग तांदळाची, सोबत सगळ्या भाज्यांचा लाबडा. चिंचेच्या पाण्यातले फुचके खाल्ले, ट्रामनं फिरले. १८७३ साली घोड्यांनी ओढत सुरू झालेली ती ट्राम १९०२ पासून विजेवर धावू लागली होती. २०२४ मध्ये एक छोटा वारसा-मार्ग सोडून बाकी ट्राम बंद करण्याचा निर्णय सरकारनं जाहीर केला, तेव्हा मला ओळखीचं कुणी गेल्यासारखं वाटलं.

दशमीला सिंदूर खेला होता. लाल काठाच्या पांढऱ्या साड्या नेसून सवाष्णी देवीला आणि एकमेकींना शेंदूर माखतात. मलाही ओढून नेलं. गाल लालभडक करून परत आले, तर मासीमा गॅलरीत उभ्या. ‘‘तुम्ही नाही आलात?’’ तोंडातून गेलं आणि जीभ चावली. पांढरी साडी, बिनकांद्याचं जेवण, एकादशीचे उपास... सगळं समोर असून मला इतके महिने दिसलं नव्हतं. मी ज्याला शाकाहार समजत होते, ते वैधव्य होतं.

पुढे एकदा त्यांनीच सांगितलं. नवरा गेला तेव्हा त्या एकोणतीस वर्षांच्या. श्राद्धानंतर ‘नियमभंग’ असतो, म्हणजे त्या दिवसापासून घरचे पुन्हा मासे खातात. त्यांच्या पानात मात्र मासा पडला नाही, तो कायमचाच. मासे, मांस, अंडी, कांदा, लसूण, एवढंच काय, मसूरडाळसुद्धा बंद. ‘‘त्या दिवशी मी रडले ते माणसासाठी की माशासाठी, माझं मलाच कळेना,’’ त्या म्हणाल्या. मुलासाठी इलिश मात्र त्या अजूनही स्वतः रांधत. चव न घेता. मीठ बरोबर पडलंय का, ते वासावर ओळखत.

मैत्रिणींनो, बंगालची ती नाना तऱ्हांची बिनमाशाची भाजी-आमटी, दुधीच्या सालींची कुरकुरीत भाजी, केळफुलाचे प्रकार, धोकार डालना, हे बरंचसं अशाच बायकांच्या वेगळ्या चुलीवर फुललंय. सगळं काढून घेतल्यावर जे उरलं, त्यातून त्यांनी चव उभी केली. मी बोटं चाटत खाल्लं, त्यामागे एवढं होतं! १८५६ मध्ये ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या खटपटीनं विधवाविवाहाचा कायदा झाला. पण ताटापर्यंत पोचायला कायद्याला फार वेळ लागतो.

जानेवारीत मी घरी हळदीकुंकू ठेवलं. इमारतीतल्या सगळ्या बायकांना बोलावलं. बंगालीतही तेव्हा पौष संक्रांत. घरोघरी तांदळाच्या पिठाची, आत नारळ आणि खजुराचा नवा गूळ भरलेली पाटीशापटा. मासीमांनी सुनेच्या हाती ताटभर पाठवली, स्वतः आल्या नाहीत. मी खाली गेले. ‘‘आमी बिधवा,’’ त्या एवढंच म्हणाल्या.

मला आमच्या आर्वीची आई आठवली. बाबा २००९ मध्ये गेले. तेव्हापासून दर संक्रांतीला गल्लीतल्या बायका नटून जाताना दिसू लागल्या की ती दार लोटून आत बसते. आणि लाज वाटते सांगायला, माझ्याच सासरच्या हळदीकुंकवाला मी तिला कधी बोलावलं नव्हतं. ‘तिलाच अवघडल्यासारखं होईल’ असं स्वतःला सांगत राहिले. तोडक्या-मोडक्या बंगालीत मी हे सगळं मासीमांना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग उठून साडी बदलून आल्या.

कुंकवाचं बोट पुढे केलं तसा त्यांनी माझा हात धरला. ‘‘चंदन लाव,’’ म्हणाल्या. मी चंदन लावलं, तिळगूळ दिला, वाण दिलं. त्या पहिल्या खुर्चीवर बसल्या आणि सगळ्यांना स्वतः पाटीशापटा वाढली.

२०१९ मध्ये आम्ही परत आलो. पुढच्या संक्रांतीला मी पहिलं बोलावणं आईला केलं. सासूबाई जरा घुटमळल्या, एक-दोघी शेजारणी आल्याच नाहीत. पण आई आली. २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवांच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तो पेपर तिनं घडी घालून ठेवलाय.

पाँचफोरनची पुडी अजूनही मासीमांकडून येते. रविवारी मी शुक्तो करते आणि आईच्या ताटात आधी तोच वाढते. ‘‘अगं, पहिलाच घास कडू?’’ ती दर वेळी विचारते. मी म्हणते, ‘‘तो संपव, पुढे बरंच काही आहे.’’