पिचरची कारकीर्द: समज आणि वस्तुस्थिती

अमेरिकी बेसबॉलमध्ये पिचर 60 फूट 6 इंचांवरून फलंदाजाकडे चेंडू फेकतो. मागून धावत येण्याची मुभा त्याला नसते आणि चेंडूला टप्पाही पाडायचा नसतो. वाकलेले कोपर झटक्यात सरळ करत तो चेंडू फेकतो. क्रिकेटमध्ये गोलंदाजाला कोपर 15 अंशांपेक्षा जास्त सरळ करता येत नाही, त्यामुळे पिचर म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज ही समजूत अपुरी ठरते.

ज्याचा चेंडू वेगवान तोच टिकतो, हा समजही पक्का रुजलेला आहे. अरोल्डिस चॅपमनने 2010 मध्ये ताशी सुमारे 170 किलोमीटर वेग गाठला होता. उलट जेमी मॉयरचा चेंडू जेमतेम 130 च्या आसपास असे, तरी 2012 मध्ये वयाच्या 49व्या वर्षी त्याने मेजर लीगमधला, म्हणजे तिथल्या सर्वोच्च पातळीवरचा, सामना जिंकला. फलंदाजाला निर्णयासाठी अर्धा सेकंदही मिळत नाही. तेवढ्यात हाताची फेक तीच ठेवून चेंडू संथ सोडला, की बॅट आधीच फिरून जाते. अशा फसवणुकीला वयाची अट नाही.

संघांच्या वार्षिक, फेरीनिहाय निवडीत (ड्राफ्टमध्ये) निवड झालेला खेळाडू थेट मेजर लीगमध्ये जातो, असेही मानले जाते. प्रत्यक्षात बहुतेकांची वर्षे खालच्या मायनर लीगमध्ये जातात आणि अनेक जण तिथेच संपतात. पिचर जेकब डेग्रॉम कॉलेजात मुख्यतः शॉर्टस्टॉप म्हणून, म्हणजे क्षेत्ररक्षक म्हणून खेळायचा. 2010 च्या निवडीत त्याचे नाव नवव्या फेरीत आले आणि मेजर लीगमधला पहिला सामना मिळायला 2014 उजाडले. 2018 मध्ये त्याच्या नावावर 10 विजय आणि 9 पराभव होते, तरीही सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला. पिचरच्या नावावर लागणारा विजय त्याच्या संघाने काढलेल्या धावांवरही अवलंबून असतो. डेग्रॉममुळे दर नऊ डावांमागे गेलेल्या धावांची सरासरी मात्र अवघी 1.70 होती.

सर्वांत घातक गैरसमज कोपराच्या शस्त्रक्रियेबद्दल आहे. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी पिचर टॉमी जॉनच्या डाव्या कोपरातल्या फाटलेल्या लिगामेंटच्या जागी त्याच्याच उजव्या हाताचा टेंडन बसवला. 1976 मध्ये तो मैदानावर परतला, 1989 पर्यंत खेळला आणि त्याच्या 288 विजयांपैकी 164 त्या शस्त्रक्रियेनंतरचे आहेत. या यशामुळे शस्त्रक्रियेने हात आधीपेक्षा बळकट होतो, अशी समजूत पसरली. काही पालकांनी तर धडधाकट मुलांसाठीही तिची विचारणा केली. नव्या टेंडनने वेग वाढत नाही. परतलेला खेळाडू तरतरीत दिसतो तो वर्षभराच्या विश्रांतीमुळे आणि व्यायामामुळे. ही इजा बहुधा एका फेकीने होत नाही. पुरेशी विश्रांती न घेता वर्षानुवर्षे जोर लावल्याने लिगामेंट झिजत जाते, आणि याची सुरुवात अनेकदा शाळकरी वयातच झालेली असते. शिवाय दुरुस्त केलेले कोपर पुन्हा निकामी होऊ शकते. डेग्रॉमवर पहिली शस्त्रक्रिया 2010 मध्येच झाली होती. 2023 मध्ये ती पुन्हा करावी लागली आणि मैदानावर परतायला 2024 चा सप्टेंबर उजाडला.