घंटाघराखालचा रविवार

सोमवारच्या वर्तमानपत्रात क्रिकेटच्या मोठ्या मथळ्याखाली, अगदी कोपऱ्यात, कधीमधी एक बारीक चौकट असते. नापोली, युव्हेंटस, रोमा, अतालांता अशी नावे आणि त्यांच्यापुढे एकेक आकडा. बहुतेकांची नजर तिच्यावरून घसरून पुढे जाते. माझी तिथे थांबते. नागभीडसारख्या धानाच्या आणि जंगलाच्या मुलखात राहून मराठीत कविता लिहिणाऱ्या माणसाला मिलानमधल्या गोलांशी काय देणेघेणे, असे मित्र विचारतात. त्यांना चहाच्या टपरीवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगत आलो, ते आज सलग सांगतो.

आधी व्यवस्था समजून घेऊ. इटलीतल्या सर्वांत वरच्या साखळीला 'सेरी ए' म्हणतात. १९२९-३० च्या हंगामापासून ती देशभराची एकच साखळी म्हणून खेळली जाते. २००४ पासून तिच्यात २० संघ आहेत. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचे, एकदा आपल्या मैदानावर आणि एकदा त्याच्या. म्हणजे एका संघाचे ३८ सामने, सगळे मिळून ३८०. विजयाला ३ गुण, बरोबरीला १. पूर्वी विजयाला दोनच गुण मिळत, तीन झाले ते १९९४-९५ पासून. आपल्या आयपीएलसारखा शेवटी झगमगाटी अंतिम सामना नाही. आठ-नऊ महिने थेंबे थेंबे गुण साचवायचे आणि हंगामाच्या शेवटी ज्याचे तळे मोठे तो विजेता. पुढच्या वर्षी त्याच्या सदऱ्यावर तिरंगी ढालीचे छोटे चिन्ह येते. त्याला म्हणतात 'स्कुदेत्तो'.

खरी धाकधूक मात्र तळाशी असते. शेवटचे तीन संघ खालच्या वर्गात ढकलले जातात. तिथे पैसा कमी, चांगले खेळाडू सोडून जातात, गावाची मान खाली जाते. मला तरी पहिल्या क्रमांकाच्या चुरशीपेक्षा सतराव्या आणि अठराव्यातली ओढाताण अधिक खरी वाटते.

एका आठवडाअखेरीला दहा सामने होतात. त्या फेरीला इटालियन भाषेत 'जोर्नाता' म्हणतात. शब्दाचा अर्थ साधा आहे, 'दिवस'. आता ही फेरी शुक्रवारी किंवा शनिवारी सुरू होऊन सोमवारी रात्री संपते, तरी तिचे नाव 'दिवस'च राहिले. कारण एकेकाळी तो खरोखर एकच दिवस होता. रविवार. आणि वेळही सगळ्यांची एकच, दुपारी तीन. थंडीत उजेड लवकर जातो म्हणून अर्धा तास आधी. सकाळी चर्च, मग घरी सगळ्यांनी मिळून जेवण, आणि नंतर फुटबॉल.

मैदानावर जाऊ न शकणाऱ्यांसाठी रेडिओ होता. १० जानेवारी १९६० रोजी इटलीच्या सरकारी रेडिओवर एक कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या नावाचा अर्थ 'सगळा फुटबॉल, मिनिटामिनिटाला'. स्टुडिओत रोबेर्तो बोर्तोलुत्सी बसलेले, आणि वेगवेगळ्या गावांतल्या मैदानांवर एकेक समालोचक. मिलानचे वर्णन चालू असताना बोलोन्यात गोल झाला, की तिथला समालोचक मध्येच बोलायचा. एन्रिको आमेरी बोलत असताना सांद्रो चोत्ती आपल्या घोगऱ्या आवाजात त्यांना माफी मागून थांबवायचे. त्या एका माफीवर देशभरातल्या स्वयंपाकघरांत आनंद किंवा शोक पसरायचा, कारण कुठे काय झाले हे पुढच्या वाक्यात कळणार असे. सुरुवातीची बरीच वर्षे प्रक्षेपण फक्त उत्तरार्धाचे व्हायचे. मला ही युक्ती फार आवडते. अर्धी गोष्ट ऐकवायची आणि आधीची अर्धी श्रोत्याच्या कल्पनेवर सोडायची. आमच्या घरी अब्बा ट्रान्झिस्टर कानाला लावून क्रिकेटचे समालोचन ऐकत, तेव्हा तेही असेच न पाहिलेले मैदान डोळ्यांपुढे आणत असणार.

रेडिओशेजारी टेबलावर एक कागद असायचा. तेरा सामन्यांची यादी आणि प्रत्येकापुढे आपला अंदाज: यजमान जिंकला तर १, पाहुणा जिंकला तर २, बरोबरी झाली तर फुली. माससिमो देल्ला पेर्गोला नावाच्या क्रीडा पत्रकाराच्या डोक्यातून निघालेला हा खेळ युद्धाने मोडलेल्या इटलीत १९४६ साली सुरू झाला. पुढे सरकारने तो आपल्याकडे घेतला, आणि १९५१ पासून सामने तेरा झाले. तेरा सामन्यांचे असे १५,९४,३२३ वेगवेगळे निकाल लागू शकतात. त्यातला बरोबर एक आपण लिहिला आहे, या आशेवर पोस्टमन, न्हावी आणि प्राध्यापक सगळे सारखेच वेडे होत. आकड्यांचा जुगार आपल्या मुलखाला नवा नाही, त्याने घरे कशी बसतात हेही आपण पाहिले आहे, म्हणून त्याचे कौतुक जास्त करत नाही. एवढेच म्हणतो, की त्या कागदामुळे माणूस आपल्या गावाबरोबर दुसऱ्या बारा गावांचेही कान देऊन ऐकायचा.

हा एकत्र ऐकण्याचा प्रकार कुठपर्यंत जाऊ शकतो, त्याचे उदाहरण १४ मे २००० या रविवारचे आहे. हंगामाची शेवटची फेरी. युव्हेंटस पहिला, रोमचा लाझिओ दोन गुणांनी मागे. लाझिओने आपल्या मैदानावर रेज्जिनाला ३-० असे हरवले. युव्हेंटसचा सामना पेरुजियात होता आणि तिथे मध्यंतरातच आभाळ फाटले. मैदानाचे तळे झाले. पंच पिएरलुईजी कोल्लिना छत्री घेऊन, चेंडू टाकून पाहायचे. चेंडू पाण्यात तसाच बसायचा. खेळ तासाहून अधिक थांबला. इकडे रोममध्ये सामना संपला, पण लोक घरी जाईनात. ते मैदानात उतरले आणि रेडिओ कानाला लावून उभे राहिले. पेरुजियात खेळ पुन्हा सुरू झाला आणि थोड्याच वेळात अलेस्सांद्रो कालोरी नावाच्या बचावपटूने युव्हेंटसवर गोल केला. मग उरलेला सगळा उत्तरार्ध रोमच्या त्या मैदानाने कानांनी पाहिला. संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर पेरुजियात शिट्टी वाजली आणि लाझिओ ७२ विरुद्ध ७१ अशा एका गुणाने विजेता ठरला. आपल्या संघाचा सामना केव्हाच संपलेला, समोर रिकामे गवत, आणि हजारो माणसे दुसऱ्या गावातल्या चिखलाकडे कान लावून उभी. मुशायऱ्यात शेवटचा मिसरा येईपर्यंत श्रोते श्वास धरतात, तेवढीच तुलना मला सुचते.

तोवर तो जुना रविवार मोडायला सुरुवात झालेली होती. १९९३ साली पैसे भरून पाहायच्या वाहिनीसाठी एक सामना रविवारी रात्री सरकवला गेला. मग एक शनिवारी गेला, एक सोमवारी. आज दहा सामन्यांच्या जवळजवळ दहा वेगळ्या वेळा असतात, म्हणजे प्रेक्षकाला एकही चुकू नये. दुपारी तीनचा सामना आपल्याकडे थंडीत संध्याकाळी साडेसातला आणि उन्हाळ्यात साडेसहाला दिसतो. रात्री पावणेनऊचा पाहायचा तर आपली तारीख बदललेली असते. सगळे दिसते, पण सगळ्यांनी एकाच क्षणी हसणे-रडणे गेले. याचा दोष कुणाला द्यावा? खेळाडूंचे पगार त्याच पैशातून निघतात.

वेळा विखुरल्या, तरी एक गोष्ट विखुरली नाही. इटालियन माणूस देशाआधी आपल्या गावाचा असतो. त्याच्या या वृत्तीला त्यांच्याकडे शब्दच आहे, 'कांपानिलिस्मो'. 'कांपानिले' म्हणजे चर्चचे घंटाघर. ज्याची घंटा आपल्या घरात ऐकू येते, तेवढे आपले गाव. १९९० च्या विश्वचषकात उपांत्य सामना इटली विरुद्ध अर्जेंटिना असा आला, आणि तोही नेपल्समध्ये. अर्जेंटिनाचा मॅराडोना तेव्हा नापोलीकडून खेळायचा. त्याने त्या गरीब शहराला १९८७ आणि १९९० अशी दोन विजेतेपदे मिळवून दिली होती. त्याने नेपल्सच्या लोकांना आठवण दिली, की उत्तरेकडचे लोक वर्षभर तुम्हाला परके मानतात आणि आज एका रात्रीपुरते इटालियन व्हा म्हणतात. नेपल्सने देशाची बाजू सोडली नाही, पण अर्जेंटिनाच्या राष्ट्रगीताची हुर्योही उडवली नाही. ती उडाली पाच दिवसांनी, रोममध्ये, अंतिम सामन्याच्या वेळी.

आता फ्लोरेन्सकडे वळतो, कारण तिथून वाट थेट महाराष्ट्रात येते. या शहराचा जांभळ्या सदऱ्याचा संघ फिओरेंटिना. दोनदा देशाचा विजेता. २००२ साली त्याचे दिवाळे निघाले. नावसुद्धा गेले. शहराने पुढाकार घेतला, नवा मालक शोधला आणि दुसऱ्याच नावाने संघ चौथ्या वर्गात उतरवला. त्याच उन्हाळ्यात इटलीसाठी विश्वचषक खेळून आलेला आंजेलो दी लिव्हिओ संघ सोडून गेला नाही. लहान गावांच्या मैदानांवर तो खेळत राहिला आणि लोक पाहायला येत राहिले. पुढच्या वर्षी जुने नाव परत विकत घेतले. २००४ साली संघ पुन्हा सेरी एमध्ये होता. त्याच वर्षी नापोली बुडाला, तिसऱ्या वर्गातून २००७ पर्यंत वर आला, आणि २०२३ साली तेहतीस वर्षांनी विजेता झाला.

या फिओरेंटिनाने २०१४ साली पुण्यात भागीदारी केली. इंडियन सुपर लीग नुकतीच सुरू होत होती आणि एफसी पुणे सिटी हा नवा संघ उभा राहत होता. पहिले प्रशिक्षक फ्रांको कोलोम्बा इटालियन. गोलरक्षक बेलार्दी आणि बचावपटू चिरिल्लो इटालियन. पुढे युव्हेंटसकडून गोलांचा पाऊस पाडलेला फ्रान्सचा दाविद त्रेझेगे. बालेवाडीच्या मैदानावर मराठी पोरे जांभळा-नारिंगी रंग घेऊन बसलेली टीव्हीवर दिसायची तेव्हा मला फार गंमत वाटे. त्या हंगामात मुंबईने पुण्याला ५-० असे धुतले, आणि पुण्यातल्या माझ्या एका कवीमित्राने दोन दिवस फोन उचलला नाही. म्हटले, चला, रुजायला लागले!

रुजले नाही. २०१७-१८ मध्ये संघ पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचला, आणि पुढच्याच वर्षी पैशांचे गणित बिघडून २०१९ साली बंद झाला. त्याची जागा हैदराबादला गेली. त्याआधी त्याच शहरातले पुणे एफसी, भारत एफसी आणि डीएसके शिवाजियन्स हेही मोठ्या स्पर्धांतून नाहीसे झाले होते. पुणे एफसी तर २०१२-१३ च्या आय-लीगचा उपविजेता. पाच वर्षांच्या आत एका शहराने चार संघ गमावले. फ्लोरेन्सप्रमाणे कुणी रस्त्यावर आले नाही, कुणी नाव परत विकत घेतले नाही. पुणेकरांना मी नावे ठेवत नाही. चारही संघ वरून आले होते, मालकाच्या हिशेबाने आले आणि त्याच हिशेबाने गेले.

आणि त्याच महाराष्ट्रात कोल्हापूर आहे. तिथे संघांची नावे पाहा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. कुस्तीच्या तालमींनी आपापल्या पेठेचे फुटबॉल संघ उभे केले. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची साखळी शाहू स्टेडियमवर खेळली जाते. कवी संमेलनाच्या निमित्ताने एकदा तिकडे गेलो असताना एक सामना पाहिला. शेजारच्या आजोबांनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा, "पाव्हणं, तुम्ही कुठल्या पेठेचं?" नागभीडचा म्हटल्यावर त्यांनी क्षणभर विचार केला आणि मला आपल्या बाजूला घेतले. तिथे समर्थकांची भांडणेही होतात, पोलिसांना बंदोबस्त ठेवावा लागतो. ते सगळे गोड आहे असे मी म्हणणार नाही. तरीही मालक सोडून गेला म्हणून पाटाकडील तालीम हैदराबादला निघून गेली, अशी बातमी कधी येणार नाही.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते. दिवसा शंकरपट, रात्री वडशाच्या कंपनीचे नाटक. पाहुण्यांनी घरे भरतात, उजाडेपर्यंत प्रयोग चालतो. नाटक ठरवणारे, मांडव घालणारे, तिकिटे विकणारे गावातलेच मंडळ असते. कंपनी बदलते, नट बदलतात, नाटक त्या गावाचे म्हणूनच ओळखले जाते.

इटलीतही याची अगदी अलीकडची नक्कल सापडते. कियेव्हो हा व्हेरोना शहराचा एक छोटा पेठवजा भाग. त्यांचा संघ वर आलाच तर गाढवे उडतील, असे शहरातले दुसऱ्या संघाचे लोक म्हणायचे. २००१ साली तो सेरी एमध्ये पोचला आणि 'उडती गाढवे' हेच त्याचे लाडके नाव झाले. कराची देणी थकल्यामुळे २०२१ साली त्याला साखळीबाहेर काढले गेले. त्याचा जुना कप्तान सेर्जिओ पेल्लिस्सिएर याने तळाच्या वर्गात नवा संघ काढला, लोकांकडून वर्गणी जमवली, आणि २०२४ साली लिलावात कियेव्होचे नाव सोडवून आणले. त्यानंतरच्या हंगामात हा संघ चौथ्या वर्गात खेळला. तिथे टीव्हीवाले फारसे फिरकत नाहीत. त्यामुळे त्या वर्गातले सामने अजूनही रविवारी दुपारी, बहुतेक सगळे एकाच वेळी होतात.