क्रोमवर थेट स्प्रे मारताय? आधी गंज काढा, नाहीतर दिवाळीपर्यंत पोपडे

पावसाळा सरत आला की दसऱ्याआधी गाड्या धुवायची लगबग सुरू होते. हँडल, सायलेन्सर, रिमवर लाल ठिपके दिसले की बरेच जण चंदेरी स्प्रेचा डबा आणतात आणि गंजावरच मारून मोकळे होतात. दसऱ्याला गाडी चमकते, दिवाळीपर्यंत रंगाला फुगे येतात. डब्याचे पैसे जातात ते वेगळेच, खाली लोखंडही आणखी खाल्लेलं असतं.

क्रोम स्वतः असा लाल गंजत नाही. लोखंडावर आधी निकेलचा थर असतो, त्यावर क्रोमचा, आणि हा क्रोम साधारण अर्धा मायक्रॉनही जाड नसतो. केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतका समजा. त्याला बारीक भेगा, छिद्रं असतात. तिथून पाणी आत शिरतं, लोखंड गंजतं आणि गंज वर येतो. म्हणजे वर ठिपका छोटा, आत घर मोठं. मागे खताची पोती बांधून फिरणाऱ्या गाडीचं तर विचारूच नका. नेहमीच्या पोटॅशमध्ये मिठासारखंच क्लोराइड असतं, ते ओलाव्यात भिजलं की गंज झपाट्याने पसरतो.

आधी रंगाची खरंच गरज आहे का ते बघा. चपाती गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करा, पाण्यात बुडवा आणि ठिपक्यांवर घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने चकाकी जात नाही. ठिपके निघाले तर पुसून, वाळवून मेणाचं पॉलिश लावा. रंगाचा खर्च वाचला.

क्रोम सुटून पापुद्रे निघत असतील, नख अडकत असेल, तर मात्र रंगच. पार्ट काढता आला तर काढून घ्या. साबणाच्या पाण्याने तेल-चिखल धुवा. सुटलेले पापुद्रे पत्र्याच्या तुकड्याने खरवडा आणि गंज तारेच्या ब्रशने काढा. नट-बोल्टसारखे छोटे भाग किराणा दुकानातल्या लिंबूसत्वाच्या पाण्यात काही तास बुडवून ठेवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवा. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका. त्याने गंज जातो, पण खाचांत उरलेलं ॲसिड पुन्हा गंज आणतं, आणि वाफ छातीला वाईट.

आता मुख्य काम. काचेसारख्या गुळगुळीत क्रोमवर रंग धरतच नाही. म्हणून जिथे क्रोम शाबूत आहे तिथेही २२० नंबरच्या वॉटर पेपरने घासून चमक पूर्ण मारा, शेवटी ४०० नंबर फिरवा. क्रोमची कड आणि उघडं लोखंड यांच्यात बोटाला पायरी लागता कामा नये. घासताना पेपर ओला ठेवा आणि तोंडाला मास्क लावा. थिनरने पुसलं की पुन्हा हात लावू नका. त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमर मारा. दमट हवेत उघडं लोखंड रात्रीत लाल होतं. प्रायमर वाळल्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात द्या. सायलेन्सरला उष्णता सहन करणाराच रंग हवा, साधा जळून जातो.

मोबाईलवर बॅटरी चार्जर लावून गंज काढायचे व्हिडिओ फिरतात. क्रोमच्या पार्टवर तो प्रयोग नको. तारा उलट लागल्या किंवा दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील लावलं, तर कर्करोगाला कारण ठरणारं क्रोमियम पाण्यात उतरू शकतं. मग ते पाणी ओतणार कुठे, गटारीत की विहिरीजवळ?

दोन ठिकाणी घरचा कारभार नकोच. एक, पुढच्या शॉकअपची चकचकीत नळी. ती ऑइल सीलमधून सतत वरखाली होते. तिला रंग लावला किंवा जाड पेपरने घासली तर सील फाटतं आणि तेल खाली गळतं. पुढे डिस्क ब्रेक असेल तर ते डिस्कवरही येऊ शकतं. नळीवर खड्डे पडले असतील तर ती मेकॅनिकला दाखवून बदलाच. दुसरी, रिम. बाहेरून रंगवण्याआधी टायर उतरवून आतली बाजू आणि आऱ्यांची भोकं बघा. आतला गंज ट्यूब कापतो. भोकाजवळ लोखंड पातळ झालं असेल, तर तशा रिमवर रंग चढवू नका, ती भंगारात द्या.