तळपायाची आग आणि संमोहन : चमत्कार नव्हे, उपचाराला जोड



अमडापूर परिसरात घरभेटी करताना मधुमेह असलेल्या आया-मावश्या एकच तक्रार सांगतात : "दिवस कसाही निघतो, पण रातच्याला तळपायाची नुसती आग होते." कुणाला मुंग्या येतात, कुणाला सुया टोचल्यासारखे वाटते. कुणी याला 'बाहेरचं' समजतात आणि अंगारा आणतात.

हे बाहेरचे काही नाही. रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की नसा खराब होतात. सर्वात लांब नसा पायांच्या, म्हणून त्रास बोटांपासून सुरू होतो. हा आजार आपल्याला परका नाही. 1948 साली, संविधानाचा मसुदा तयार करण्याच्या काळात, बाबासाहेबांना मधुमेह होता, इन्सुलिन सुरू होते, पायांतल्या वेदनांनी झोप लागत नव्हती. त्यांनी त्यावर डॉक्टरांचे उपचार घेतले.

आता या वेदनेसाठी संमोहनाचे नाव ऐकू येते. संमोहन म्हणजे वशीकरण नाही. माणूस बेशुद्ध होत नाही, कुणाच्या ताब्यातही जात नाही. लक्ष एका जागी एकवटते, शरीर सैल होते आणि त्या अवस्थेत दिलेली सूचना मन सहज स्वीकारते. उदाहरणार्थ, 'पायांवरून गार पाणी वाहत आहे, आग शांत होत आहे.' विदर्भातूनच अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ उभी करणारे श्याम मानव स्वसंमोहनाच्या कार्यशाळा घेतात. ही दैवी शक्ती नाही, कुणालाही शिकता येणारे तंत्र आहे.

वेदना कमी कशी होते? नस संदेश पाठवते, पण तो किती त्रासदायक हे मेंदू ठरवतो. 1997 मध्ये कॅनडातील संशोधकांनी मेंदूची चित्रे घेऊन दाखवले की, संमोहनातील सूचनेने वेदनेचा त्रास कमी-जास्त होतो आणि त्यासोबत मेंदूच्या एका विशिष्ट भागाचे कामही बदलते. तथागतांनी सल्ल सुत्तात दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्यावरच्या मनाच्या तडफडीचा. संमोहनाचा मुख्य उपयोग दुसऱ्या बाणावर आहे.

म्हणूनच मर्यादाही ठणकावून सांगायला हव्यात. संमोहनाने साखर उतरत नाही, खराब झालेली नस दुरुस्त होत नाही. खास मधुमेही नसांच्या वेदनेवर त्याचे मोठे अभ्यास फारसे झालेले नाहीत. इन्सुलिन, गोळ्या बंद करायला सांगणारा 'संमोहनतज्ज्ञ' हा नवा बाबाच समजा. संमोहन प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञाकडूनच घ्यावे. गंभीर मानसिक आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

सर्वात मोठा धोका बधिरपणाचा. आग थांबली म्हणजे पाय बरा झाला असे नाही. बधिर पायाला काटा, खडा कळत नाही, जखम चिघळते आणि पाय कापण्याची वेळ येते.

कार्यकर्त्यांनो, विहारात रविवारी वंदनेनंतर दहा मिनिटे यासाठी द्या. ज्येष्ठांना तळपाय रोज पाहायला सांगा. दिसत नसेल तर नातवंडांनी पाहावे. शेतात अनवाणी जाऊ देऊ नका. बधिर पायांना गरम विटेचा शेक नको, भाजलेले कळत नाही. साखर तपासायला त्यांना सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात जा. तिथे पायांची आग आवर्जून सांगा, कारण या वेदनेची औषधे साध्या दुखण्याच्या गोळ्यांपेक्षा वेगळी असतात.

संमोहन शिकता आले तर जरूर शिकावे, पण औषध आणि पायांची काळजी सोडून नाही.